कडे की डमरू? बिंबाभ्रिकांचा खरा आकार कसा ओळखतात

पाऊस परतला, नवरात्र बसले आणि रात्रीचे आकाश निवळले, की मराठवाड्यात तारे पाहण्याचे दिवस सुरू होतात. नवरात्राच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत चंद्र लवकर मावळतो. अशा एखाद्या संध्याकाळी नांदेडचे किंवा लातूरचे दिवे मागे टाकून शिवारात जा आणि साडेसातच्या सुमारास मान वर करून पाहा. आकाशगंगेचा पट्टा डोक्यावरून गेलेला दिसेल. अभिजित, श्रवण आणि हंस तारकासमूहातील डेनेब हे तीन ठळक तारे तेथे एक मोठा त्रिकोण करतात. या त्रिकोणात शर नावाचा बाणासारखा लहानसा तारकासमूह आहे. त्याच्या किंचित उत्तरेस दुर्बीण रोखली, तर एक पुसट, धुरकट ठिपका दिसतो. हातात धरायची साधी द्विनेत्री दुर्बीणही त्यासाठी पुरते.

हा ठिपका म्हणजे ‘मेसिए २७’. फ्रेंच ज्योतिषी शार्ल मेसिए याला तो १२ जुलै १७६४ रोजी सापडला. व्यायामाच्या डंबेलसारखा दिसतो म्हणून त्याला डंबेल अभ्रिका असेही म्हणतात. त्याची उत्तर क्रांती सुमारे २२.७ अंश आहे आणि नांदेडचा अक्षांश सुमारे १९ अंश. त्यामुळे तो आपल्याकडे जवळजवळ माथ्यावर येतो.

आता प्रश्न असा की, या ठिपक्याचा खरा आकार कोणता? ‘डंबेलसारखा’ हे उत्तर पुरेसे नाही. तो डंबेलसारखा *दिसतो*, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. आपण एकाच जागेवरून पाहतो. त्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूने पाहणे आपल्याला कधीच शक्य नाही. तरीही शास्त्रज्ञ अशा वस्तूंची लांबी, रुंदी आणि खोली सांगतात. ते कसे, हे या लेखात पाहू.

नावात बिंब, पण ग्रह नव्हे

१७८१ मध्ये युरेनस शोधून काढणाऱ्या विल्यम हर्शेल यांना आकाशात काही धूसर, वाटोळी बिंबे दिसली. दुर्बिणीतून ती ग्रहाच्या बिंबासारखी वाटत, म्हणून त्यांनी त्यांना ग्रहांवरून नाव दिले. मराठीत आपण त्यांना बिंबाभ्रिका म्हणतो. ग्रहांशी त्यांचा काही संबंध नाही. त्या म्हणजे वृद्ध ताऱ्यांनी टाकून दिलेला वायू आहे.

सूर्यासारख्या ताऱ्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपला की तारा फुगतो, थंडावतो आणि तांबडा राक्षसी तारा बनतो. त्याचे बाहेरचे थर सैल होऊन अवकाशात वाहून जाऊ लागतात. शेवटी आतला तप्त गाभा उघडा पडतो. त्याचे तापमान ३०,००० अंशांच्या वर गेले की त्यातून जंबुपार किरणांचा मारा सुरू होतो. त्या माऱ्याने भोवतालच्या वायूच्या अणूंतील इलेक्ट्रॉन निसटतात आणि वायू प्रकाशू लागतो. हीच बिंबाभ्रिका. काही हजार ते वीस-एक हजार वर्षांत वायू पांगतो व अभ्रिका दिसेनाशी होते. मागे श्वेत लघुतारा उरतो. ताऱ्याचे आयुष्य अब्जावधी वर्षांचे असते. त्याच्या हिशेबात ही अवस्था डोळ्याचे पाते लवण्याइतकीच अल्प म्हणावी लागेल.

चपट्या चित्राची अडचण

घरी एखादा डमरू असेल तर तो घ्या. नसेल तर दोन फुलपात्रांची बुडे एकमेकांना टेकवून दोऱ्याने बांधा. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर तो धरा आणि भिंतीवरची सावली पाहा. डमरू आडवा धरला तर सावलीत मधली कंबर स्पष्ट दिसते. त्याचे एक तोंड दिव्याकडे केले तर सावली केवळ वाटोळी पडते. वस्तू तीच, पण एकदा ती डमरू वाटते, तर एकदा भाकरी! अभ्रिकेचे छायाचित्र असेच असते. त्यात खोली नसते.

दुसरी गंमत पाहा. स्वरमंडळ तारकासमूहात ‘मेसिए ५७’ ही वलयाकार अभ्रिका आहे. ती बांगडीसारखी दिसते. पण बांगडीसारखे दिसायला ती बांगडीच असायला हवी, असे नाही. पोकळ चेंडूसारखे वायूचे कवचही बांगडीसारखेच दिसेल. कसे ते गणिताने पाहू. कवचाची बाहेरची त्रिज्या १० सेंटिमीटर व आतली ८ सेंटिमीटर माना. अगदी मध्यातून पाहिले तर नजर कवचातून दोनदा, प्रत्येक वेळी २ सेंटिमीटर, म्हणजे एकूण ४ सेंटिमीटर जाते. आता मध्यापासून ८ सेंटिमीटर अंतरावरून पाहू. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे १०० वजा ६४ बरोबर ३६. त्याचे वर्गमूळ ६. दोन्ही बाजू मिळून १२ सेंटिमीटर. म्हणजे तेथे नजरेच्या वाटेत मध्यापेक्षा तिप्पट वायू येतो आणि ती कड तिप्पट तेजस्वी दिसते. साबणाच्या फुग्याची कडही अशीच ठळक दिसते.

मग मेसिए ५७ ही बांगडी आहे की फुगा? नुसत्या चित्रावरून याचा निकाल लावणे कठीण आहे.

आकाशाच्या चित्रणाचे एक मोठे काम आपल्या शेजारीच झाले आहे. नांदेड आणि लातूर हा भाग ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे १९०१ साली निजामिया वेधशाळा स्थापन झाली. साऱ्या आकाशाचा छायाचित्रीय नकाशा तयार करण्याच्या आंतरराष्ट्रीय कार्यात या वेधशाळेकडे १७ ते २३ अंश दक्षिण क्रांतीचा पट्टा आला. लाखो ताऱ्यांची स्थाने तेथे काचेच्या पट्ट्यांवरून मोजली गेली. कुंभ राशीतील हेलिक्स अभ्रिका (क्रांती सुमारे २०.८ अंश दक्षिण) आणि वासुकी तारकासमूहातील ‘एन.जी.सी. ३२४२’ ही अभ्रिका (सुमारे १८.६ अंश दक्षिण) या दोन्ही नेमक्या याच पट्ट्यात पडतात. पण त्या काचेच्या पट्ट्यांवर कोणत्याही बिंदूची मापे दोनच मिळत: पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर. तिसरे माप, खोलीचे, मिळवायला वेगळेच साधन हवे होते. ते साधन म्हणजे वर्णपटदर्शक.

हिरवी रेषा

२९ ऑगस्ट १८६४ रोजी इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्झ यांनी कालेय तारकासमूहातील एका बिंबाभ्रिकेकडे वर्णपटदर्शक रोखला. ताऱ्याच्या प्रकाशाचा सात रंगांचा पट्टा दिसतो, तसा येथे दिसला नाही. दिसल्या त्या मोजक्या तेजस्वी रेषा, आणि त्यांतील सर्वांत ठळक रेषा हिरवी. अभ्रिका म्हणजे तारकांची दाटी नव्हे, तर विरळ वायू आहे, हे त्या एका रात्रीत सिद्ध झाले.

पण ही हिरवी रेषा कोणत्या मूलद्रव्याची? नॉर्मन लॉकयर यांनी तिचा संबंध मॅग्नेशियमशी जोडला होता. तसे असते तर ती एका बाजूला पसरट दिसायला हवी होती. या वादात पुण्याचाही वाटा आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती. तेथील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृग नक्षत्रातील अभ्रिकेच्या याच रेषेचे वेध घेतले व १८९१ साली ते प्रसिद्ध केले. त्यांना रेषा बारीक आणि काटेकोर दिसली. लॉकयर यांच्या कल्पनेला ही गोष्ट प्रतिकूल होती.

कोडे सुटायला आणखी छत्तीस वर्षे लागली. १९२७ मध्ये अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या अणूपासून ही रेषा निघते. तिची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. पृथ्वीवर ती सहजी दिसत नाही, कारण येथे असा अणू प्रकाश देण्यापूर्वीच दुसऱ्या कणावर आदळतो. आपल्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये २५ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. बिंबाभ्रिकेत त्याच जागेत साधारण काही हजार कण असतात. तेथे अणूला निवांतपणा मिळतो.

दुभंगलेली रेषा

लातूरपासून पश्चिमेला, सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटरवर, सोलापूर जिल्ह्यात जेऊर हे रेल्वे स्थानक आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी तेथे खग्रास सूर्यग्रहण दिसले. ते पाहण्यासाठी नायगमवाला यांनी जेऊरला तळ ठोकला होता. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल हेही आपली उपकरणे घेऊन जेऊरलाच आले होते. सूर्याच्या प्रभामंडलाचा वर्णपट घेणाऱ्या याच कॅम्बेल यांनी पुढे जोसेफ मूर यांच्यासह शंभराहून अधिक अभ्रिकांचे वर्णपट मोजले व १९१८ साली ते प्रसिद्ध केले. त्यांत एक विलक्षण गोष्ट दिसून आली. कित्येक बिंबाभ्रिकांची हिरवी रेषा एकसंध नव्हती. ती दुभंगलेली, वाकलेली किंवा तिरपी होती.

याचे कारण डॉप्लर परिणाम. शिट्टी वाजवीत येणारी रेल्वेगाडी जवळ येत असताना शिट्टीचा स्वर चढा वाटतो आणि दूर जाऊ लागताच उतरतो. प्रकाशाचेही तसेच. वायू आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्या बाजूस सरकते; दूर जात असेल तर तांबड्या बाजूस. सरकण्याचे माप सोपे आहे: तरंगलांबीला वायूच्या वेगाने गुणावे व प्रकाशाच्या वेगाने भागावे. वायूचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर धरला, तर ५००.७ गुणिले ३० भागिले ३,००,००० बरोबर सुमारे ०.०५ नॅनोमीटर. अभ्रिकेची पुढची बाजू आपल्याकडे येते आहे व मागची दूर जाते आहे, म्हणून दोन रेषांत ०.१ नॅनोमीटरचे अंतर पडते. तरंगलांबीच्या पाच हजाराव्या भागाइतका हा फरक असतो. पण चांगला वर्णपटदर्शक तो स्वच्छ दाखवतो.

आता एक शंका घ्या. अभ्रिका फुगत नसून नुसती भोवऱ्यासारखी फिरत असेल, तरीही तिचा एक भाग आपल्याकडे येईल व दुसरा दूर जाईल. मग फुगणे आणि फिरणे यांत भेद कसा करायचा? प्रारंभीच्या काळात तिरप्या रेषांचा अर्थ ‘अभ्रिका फिरते आहे’ असाच लावला गेला होता. पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर स्वतः विचार करा.

उत्तर अभ्रिकेच्या मध्यभागी आहे. भोवरा फिरतो तेव्हा त्याच्या मध्यरेषेवरचा, आपल्यासमोरचा भाग आडवा सरकतो. तो आपल्याकडे येतही नाही आणि दूरही जात नाही. म्हणून फिरणाऱ्या अभ्रिकेच्या मध्यावर रेषा दुभंगणार नाही. फुगणाऱ्या अभ्रिकेत मात्र मध्यावरच पुढची बाजू सरळ आपल्याकडे येते व मागची सरळ दूर जाते. तेथे रेषा सर्वांत जास्त दुभंगेल आणि कडांकडे दोन्ही फाटे जुळून बदामाचा आकार होईल. वेधांत असे बदाम दिसतात. म्हणून अभ्रिका प्रसरण पावतात, हे मान्य झाले. आणि तिरपी रेषा? लांबट अभ्रिका कललेल्या स्थितीत फुगत असेल, तर तिचे एक टोक आपल्याकडे व दुसरे दूर जाईल, आणि रेषा तिरपीच दिसेल. त्यासाठी फिरण्याची गरज नाही.

वेगावरून खोली

आता मुख्य युक्तीकडे वळू. नांदेडच्या बसस्थानकासमोरून सकाळी ठीक सहा वाजता एक पायी माणूस, एक सायकलस्वार आणि एक एस. टी. बस लोह्याच्या वाटेने निघाली, असे समजा. तिघांचा वेग वेगवेगळा, पण प्रत्येकाचा वेग कायम. एका तासाने माणूस ५ किलोमीटरवर, सायकलस्वार १५ किलोमीटरवर आणि बस ४० किलोमीटरवर असेल. आता मी नुसता वेग सांगितला तरी कोण कोठे आहे हे तुम्ही सांगाल. कारण अंतर म्हणजे वेग गुणिले काळ, आणि काळ सर्वांचा एकच.

अभ्रिकेतील वायूही जर एकाच सुमारास निघाला असेल आणि वाटेत त्याचा वेग फारसा बदलला नसेल, तर जो वायू अधिक वेगवान तोच केंद्रापासून अधिक दूर असणार. वेग अंतराच्या प्रमाणात असणार. १९५० मध्ये ऑलिन विल्सन यांनी अनेक बिंबाभ्रिकांचे वेग मोजले, तेव्हा साधारणतः बाहेरचे थर आतल्या थरांपेक्षा अधिक वेगाने जाताना आढळले. त्यामुळे या कल्पनेला बळ मिळाले.

याचा अर्थ फार मोलाचा आहे. डॉप्लर परिणामाने आपल्याला दृष्टिरेषेवरचा वेग मिळतो. वेग अंतराच्या प्रमाणात असेल, तर दृष्टिरेषेवरचा वेग हाच खोलीचा मापदंड ठरतो.

कागद घेऊन पाहा. १० सेंटिमीटर त्रिज्येचे पातळ कवच घ्या. १ सेंटिमीटरला सेकंदाला ३ किलोमीटर असे प्रमाण धरा. मध्यावर खोली १० सेंटिमीटर, म्हणून वेग अधिक-उणे ३०. मध्यापासून ६ सेंटिमीटरवर खोली ८, म्हणून वेग अधिक-उणे २४. ८ सेंटिमीटरवर खोली ६, वेग अधिक-उणे १८. कडेला खोली शून्य, वेग शून्य. आलेखाच्या आडव्या अक्षावर मध्यापासूनचे अंतर व उभ्या अक्षावर वेग मांडा, आणि ३ किलोमीटरला १ सेंटिमीटर हेच प्रमाण ठेवा. बिंदू जोडले की वर्तुळ तयार होते. हे वर्तुळ म्हणजे अभ्रिका *बाजूने* कशी दिसेल याचे चित्र! जेथे आपण कधीच जाऊ शकणार नाही, तेथून दिसणारे दृश्य वर्णपटाने आपल्या हातात दिले.

प्रतिमान उभारणे

यावरूनच अभ्रिकेचे प्रतिमान, म्हणजे मॉडेल, तयार करतात. प्रथम एक आकार कल्पावा: कवच, कडे, डमरू किंवा यांचे मिश्रण. त्याचा अक्ष दृष्टिरेषेशी किती कललेला आहे ते ठरवावे. प्रत्येक बिंदूला वेग द्यावा. मग त्या आकाराचे चित्र कसे दिसेल आणि अभ्रिकेवर वेगवेगळ्या जागी फट ठेवून घेतलेले वर्णपट कसे दिसतील, हे गणिताने काढावे. ते खऱ्या वेधांशी ताडून पाहावे. जुळले नाही तर आकार किंवा कल बदलावा व पुन्हा ताडावे. हे काम आता संगणक करतात. मेक्सिकोतील वोल्फगांग स्टेफेन आणि होसे आल्बेर्तो लोपेस यांनी २००६ साली मांडलेला ‘शेप’ हा संगणकीय कार्यक्रम यासाठी जगभर वापरला जातो.

कल बदलल्याने काय होते, याचे एक उदाहरण. डमरूच्या टोकाचा वायू अक्षाच्या दिशेने सेकंदाला १०० किलोमीटर वेगाने जातो असे धरा. अक्ष नेमका आपल्याकडे असेल तर चित्र वाटोळे दिसेल, पण दृष्टिरेषेवरचा वेग पूर्ण १०० भरेल. अक्ष ६० अंशांनी कललेला असेल तर हा वेग ५० भरेल. अक्ष आडवा असेल तर चित्रात सुंदर डमरू दिसेल आणि टोकांचा दृष्टिरेषेवरचा वेग शून्य असेल. चित्र जे लपवते ते वर्णपट सांगतो, आणि वर्णपट जे लपवतो ते चित्र.

तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. वरच्या आलेखात आपण १ सेंटिमीटरला ३ किलोमीटर हे प्रमाण *धरले* होते. ते ६ धरले असते तर त्याच वेगांची खोली निम्मी झाली असती आणि गोल कवचाऐवजी चपटे कवच निघाले असते. वेध तेच, प्रतिमाने दोन! मग खरे कोणते? येथे शास्त्रज्ञ सममितीचा आधार घेतात. अभ्रिका तिच्या अक्षाभोवती सर्व बाजूंनी सारखी असावी, असे मानतात. हे गृहीत बहुधा योग्य ठरते, पण ते गृहीतच आहे. चांगला संशोधक ते उघड सांगतो आणि नवे वेध आले की पुन्हा तपासतो.

खोली अशी आडमार्गाने काढणे ही केवळ खगोलशास्त्राची युक्ती नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. त्याचे केंद्र जमिनीखाली किती खोल होते, हे कोणी खाली उतरून पाहिले नाही. ठिकठिकाणच्या भूकंपमापकांवर लहरी केव्हा पोचल्या यावरून ते काढले जाते. तेथेही पृथ्वीच्या पोटात लहरी किती वेगाने धावतात हे आधी गृहीत धरावे लागते. गृहीत सुधारले की उत्तरही सुधारते.

मेसिए ५७ चेही असेच झाले. तिच्या वलयाची तेजस्विता आणि मध्याची तेजस्विता यांतील फरक साध्या पोकळ कवचाने मिळतो त्याहून अधिक आहे. म्हणजे ती निव्वळ फुगा नव्हे. २०१३ साली हबल दुर्बिणीची छायाचित्रे व जमिनीवरून घेतलेले वर्णपट यांवरून जे प्रतिमान पुढे आले ते असे: बाहेर वायूचे जाड कडे आहे आणि त्याच्या भोकातून दोन्ही बाजूंनी विरळ वायूचा लांबट गोळा बाहेर आला आहे. डोक्यावर घागर घेताना आपल्या आया-आज्या चुंबळ ठेवतात. चुंबळीच्या भोकातून एक लांबट भोपळा आरपार बसवा आणि टोकाकडून पाहा: बरोबर तसेच. आपण नेमके टोकाकडून पाहतो, म्हणून आपल्याला कडे दिसते. हेलिक्स अभ्रिकाही कड्यासारखी दिसते. पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे तिच्यात एकमेकींशी जवळजवळ काटकोनात असलेल्या दोन तबकड्या आहेत.

डमरू कसा घडतो?

तारा तर गोल. मग त्याने टाकलेला वायू डमरूसारखा का व्हावा? १९७८ मध्ये सन क्वोक व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली. तांबड्या राक्षसी अवस्थेत ताऱ्यापासून सेकंदाला १० ते २० किलोमीटर वेगाचा संथ वारा वाहतो. पुढे उघड्या पडलेल्या तप्त गाभ्यापासून सेकंदाला हजार किंवा अधिक किलोमीटर वेगाचा विरळ वारा सुटतो. तो मागून येऊन आधीच्या संथ वायूला गाठतो व पुढे लोटतो. खळे झाडताना खराट्यापुढे भुसाचा बांध जमतो, तसा दाट वायूचा बांध तयार होतो. तेच अभ्रिकेचे कवच.

संथ वारा सर्व दिशांना सारखा वाहिला असेल तर कवच गोल होईल. पण ताऱ्याच्या कमरेभोवती तो अधिक दाट असेल तर? एक फुगा अर्धा फुगवा, त्याच्या मध्यावर दोरा गुंडाळून गाठ मारा आणि आणखी फुगवा. दोऱ्याखाली फुगा दबलेला राहतो आणि दोन्ही बाजूंनी वाढतो. डमरू तयार! १९८७ मध्ये ब्रूस बॅलिक यांनी याच विचाराने निरनिराळ्या आकारांच्या अभ्रिका एका सूत्रात बसवल्या.

मग हा कंबरपट्टा कोण बांधतो? बऱ्याच अभ्रिकांत जोडतारा हे काम करतो, असे आता दिसते. ताऱ्याच्या अगदी जवळून फिरणारा सोबती वायूला आपल्या कक्षेच्या पातळीत ओढतो व तेथे दाट कडे जमते. अनेक बिंबाभ्रिकांच्या मध्यभागी असे जवळचे जोडतारे प्रत्यक्ष सापडले आहेत.

भारतीय शास्त्रज्ञही या कामात आहेत. २०१५ साली सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावर जंबुपार दुर्बीण आहे. तिने एन.जी.सी. ४० व एन.जी.सी. ६३०२ या बिंबाभ्रिकांभोवती, दृश्य प्रकाशात दिसत नाही असा वायूचा विस्तीर्ण पसारा दाखवला. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या कडेला आपण अभ्रिकेची हद्द समजत होतो, त्यापलीकडेही ताऱ्याचा वायू होता. या प्रतिमानांत आता त्याचीही भर घालावी लागेल.

आपल्या सूर्याचे काय?

सुमारे पाच अब्ज वर्षांनी सूर्यही तांबडा राक्षसी होईल आणि आपले थर टाकून देईल. सूर्याला जोडतारा नाही. मग त्याची अभ्रिका गोल होईल, की गुरूसारखा एखादा मोठा ग्रहही तिच्या आकारावर परिणाम करील? शास्त्रज्ञांत यावर अजून चर्चा चालू आहे. एवढे मात्र निश्चित की, वृद्ध ताऱ्यांनी टाकलेल्या अशाच वायूतून कार्बन आणि नायट्रोजन अवकाशात मिसळतात. त्यांतून पुढे नवे तारे व ग्रह घडतात. आपल्या शिवारातल्या ज्वारीच्या ताटातला बराचसा कार्बन सूर्य जन्मण्यापूर्वी अशाच ताऱ्यांतून आलेला आहे.

नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांसाठी १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात दीर्घिकांमधील धूळ आणि तप्त वायू यांवर संशोधन झाले आहे. पुण्याला १९८८ पासून आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. ज्यांना या विषयात पुढे जायचे आहे त्यांना वाट जवळच आहे. सुरुवात मात्र भिंतीवरच्या डमरूच्या सावलीपासूनच करावी. डोळ्यांना जे दिसते तोच खरा आकार, असे मानून चालत नाही, हा पहिला धडा ती सावली शिकवते.

सोडवून पाहा

१. एका अभ्रिकेची त्रिज्या अर्धे प्रकाशवर्ष, म्हणजे सुमारे ४ लाख ७३ हजार कोटी किलोमीटर आहे. वायूचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर व वर्षाचे सेकंद सुमारे ३ कोटी १५ लाख धरून अभ्रिकेचे वय काढा. (उत्तर: सुमारे ५,००० वर्षे.) वाटेत वायूचा वेग वाढला असेल, तर खरे वय यापेक्षा जास्त असेल की कमी?

२. लेखातील कवचाऐवजी, सपाट बाजू आपल्याकडे असलेले आणि बाहेरच्या बाजूस पसरणारे बांगडीसारखे पातळ कडे घ्या. त्याची हिरवी रेषा दुभंगेल काय? कारण सांगा.

३. दोन फुलपात्रांच्या डमरूची सावली शून्य, ३०, ६० आणि ९० अंश कलांत कागदावर गिरवून घ्या. चित्रे मित्राला दाखवा आणि ती एकाच वस्तूची आहेत हे त्याला ओळखता येते का, ते पाहा.